पायऱ्यांखालची कुंडं

जेरुसलेमच्या डंग गेटमधून आत आलं की गर्दी सरळ पश्चिम भिंतीकडे जाते. मी उजवीकडे पुरातत्त्व उद्यानात वळलो. बेंजामिन मझार यांनी 1968 पासून इथं उत्खनन केलं आणि ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या टेकडीवर नेणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या उजेडात आल्या. त्यांच्या आसपास कातळात कोरलेली, चुन्याचा गिलावा केलेली स्नानकुंडं आहेत. यांना मिकवे म्हणतात. काहींच्या पायऱ्यांमध्ये बुटका कठडा आहे. उतरणाऱ्या अशुद्धाचा वर येणाऱ्या शुद्धाला धक्का लागू नये म्हणून तो असावा. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचंच हवं; घागरीनं ओतलेलं चालत नसे.

सोवळं-ओवळं पाहिलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचं वाटतं, पण जरा थांबावं. तोरा या ज्यू धर्मग्रंथाप्रमाणे बाळंतपण, पाळी, वीर्यस्खलन, काही त्वचारोग आणि प्रेतस्पर्श यांनी माणूस अशुद्ध होतो. यातलं एकही पाप नाही. वंश वाढवणं ही देवाचीच आज्ञा, आईबापांना मूठमाती देणं हे कर्तव्य. तरी मूठमाती देणारा सात दिवस अशुद्ध. जेकब मिलग्रोम हे अभ्यासक या सगळ्याचा धागा मृत्यूशी जोडतात: रक्त, वीर्य म्हणजे जीवन, ते अंगाबाहेर गेलं की मृत्यू जवळ आला, आणि जिवंत देवाच्या दारात मृत्यूला जागा नाही. मला हे बरंचसं पटतं. मुलगा झाला तर आईला 40 दिवस आणि मुलगी झाली तर 80, हे मात्र त्यातून नीट उलगडत नाही. तरी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी अशी: जन्मानं चिकटणारा आणि कशानंच न जाणारा विटाळ या नियमांत नाही.

ज्यू वस्तीतल्या संग्रहालयात हेरोद राजाच्या काळातल्या श्रीमंतांची घरं आणि चुनखडीची भांडी पाहिली. मातीचं भांडं विटाळलं की फोडावं लागे. दगडाला विटाळ लागत नाही, असं मानत. खर्च करायचा तर दगडावरच!

प्रेताचा विटाळ नुसत्या स्नानानं जात नाही, त्याला लाल कालवडीची राख मिसळलेलं पाणी लागतं. रोमनांनी इ.स. 70 मध्ये मंदिर पाडलं. पुढे ती राखही उरली नाही. शास्त्राच्या हिशेबानं आज सगळेच ज्यू अशुद्ध ठरतात. म्हणून टेकडीवर चढणाऱ्या लाकडी पुलापाशी मुख्य रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, पाटी आहे: वर जाण्यास धर्माची मनाई. तरीही जाणारे काही श्रद्धाळू आधी मिकवेत बुडी मारतात आणि मंदिर जिथं उभं होतं असं मानतात, ती जागा टाळून चालतात.