चंद्रपूरच्या उन्हातलं खुराडं

मैत्रिणींनो, मे महिन्यात चंद्रपूरकडे गेलात तर ४५-४६ अंशांचं ऊन म्हणजे काय ते कळेल. आपण निदान माठातलं पाणी पितो, पंख्याखाली बसतो. कोंबडीला तर घामसुद्धा येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या नि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढंच तिच्या हाती! बंद पत्र्याच्या खुराड्यात अशा दोन दुपारी गेल्या की कोंबड्याही गेल्या नि अंड्यांचे पैसेही.

तिकडच्या एका खेड्यात माझ्या जाऊबाईंचं माहेर. त्यांच्या परसातलं खुराडं पाहण्यासारखं आहे. लांबट, पूर्व-पश्चिम बसवलेलं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड बाजूंवरच येतं. तिथे कुडाच्या भिंती. लांब बाजूंना नुसती जाळी, वारा आरपार. (जाळी बारीक हवी हं, मुंगूस भारी चतुर.) पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, त्यावर दोडक्याचा वेल. वेलाचा मांडव पुढे अंगणापर्यंत आणलाय, त्या सावलीत बायकांचं निवडणं-टिपणं चालतं. खालची जमीन बांबूच्या पट्ट्यांची, कमरेइतकी उंच. विष्ठा खाली पडते, ती चांगली कुजली की वेलाला खत. पाणी न्हाणीचं!

दाणे पहाटे आणि उन्हं उतरल्यावर. भर दुपारी फक्त मातीच्या परळात गार पाणी, तेही दोन-तीनदा बदलून.

तुमच्या परसात पाच कोंबड्यांसाठी करायचं, तर अडीच बाय चार फूट जागा पुरे. सहावी मात्र त्यात कोंबू नका.