आईला सांगायलाच हवं

माझ्या आईला अॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर झाला, तेव्हा आम्हाला सर्वांत जास्त मिळालेला सल्ला एकच होता : तिला काही कळू देऊ नका. सांगणारी माणसं मायेची होती. आम्ही भावंडांनी तरीही तिला आजाराचं नाव सांगितलं, आणि पुढे जे जे झालं ते पाहून माझं मत अधिकच पक्कं झालं आहे. रुग्णाला आपल्या आजाराची माहिती असणं हा त्याचा हक्क आहे, हे खरंच. पण या आजारात ती माहिती उपचाराचाच एक भाग असते, असं माझं म्हणणं आहे.

कारण या आजारात माणूस बहुतेकदा थेट कॅन्सरने दगावत नाही. जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव त्याला गाठतो. नेहमीच्या केमोत सायटाराबीन सात दिवस आणि डॉनोरुबिसिनसारखं औषध तीन दिवस देतात. त्यानंतर रक्तपेशींचे काउंट पडतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 500 च्याही खाली जातात आणि बरेचदा दोन-तीन आठवडे तिथेच राहतात. एरवी जखम लाल होते, सुजते, पू धरते, ते या पेशींमुळे. त्याच नसल्या की संसर्ग आत पसरत असतानाही बाहेर काही दिसत नाही. बरेचदा फक्त ताप येतो. म्हणून 101 फॅरनहाइटचा एक ताप हीसुद्धा तातडीची बाब असते आणि शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं, असा दंडक आहे. आता आपल्या आयांचा विचार करा. थोडी कणकण आली तर रात्री मुलांना उठवायचं नाही, एक पॅरासिटामॉल घ्यायची आणि पडून राहायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. 'रक्त कमी झालंय, टॉनिक चालू आहे' एवढंच ज्या बाईला सांगितलंय, ती याहून वेगळं का वागेल? त्या एका गोळीने ताप झाकला जातो आणि हातातले तास निघून जातात.

तापाचं निदान थर्मामीटर तरी करतो. बाकीच्या खुणा रुग्णाने स्वतः सांगितल्याशिवाय कळतच नाहीत. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेलेल्या असताना एकाएकी उठलेली डोकेदुखी मेंदूतल्या रक्तस्रावाची असू शकते. काळी शौच आतड्यातलं रक्त दाखवते. गुदद्वाराजवळची ठणक वरून किरकोळ वाटते, पण तिथला संसर्ग रक्तात उतरतो. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडची वयस्क माणसं लाजेने कुणापाशी बोलत नाहीत. नाकाजवळ, गालावर दुखणं ही बुरशीची सुरुवात असू शकते. 2021 मध्ये म्युकरने महाराष्ट्राला हे पुरेसं शिकवलं आहे. ही लाज, हा संकोच बाजूला ठेवायला माणसाला काही भक्कम कारण लागतं. ते कारण आपणच दडवलं तर रुग्णाकडून सहकार्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यावर पहिला आक्षेप असतो तो धीर सुटण्याचा. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीच्या मनात ब्लड कॅन्सरचं चित्र 'अखियों के झरोखों से' (1978) सारख्या सिनेमांनी कोरलेलं आहे : नाव कळलं की शेवट ठरलेला. पण न बोलल्याने ते चित्र पुसलं जात नाही, उलट तेवढंच उरतं. डोक्यावरचे केस गळतात, वॉर्डातले शेजारी बोलतात, कागदांवर छापलेलं असतं; न सांगताही संशय येतोच आणि मग रुग्ण एकटाच त्या भीतीपाशी बसतो. नाव सांगितलं तरच पुढचंही सांगता येतं, की ल्युकेमिया हा एक आजार नव्हे. क्रॉनिक मायलॉइड प्रकारात रोजच्या गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात, प्रोमायलोसायटिक प्रकारातले बहुसंख्य रुग्ण आर्सेनिक आणि 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधाने बरे होतात. आईच्या प्रकाराला एवढा दिलासा नव्हता, तेही खरं खरं सांगावं लागलं. अमेरिकेत तीव्र केमो घेणाऱ्या 160 ल्युकेमिया रुग्णांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे रुग्णाचा त्रास हलका करणारे, डॉक्टर आणि नर्स सुरुवातीपासून नियमित बोलत होते, त्यांच्यात नैराश्य आणि चिंता कमी आढळली. तो अभ्यास निदान सांगण्या-न सांगण्याचा नव्हता, तरी मोकळ्या बोलण्याने माणूस खचतो या समजुतीला त्याने आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आपल्याकडे निर्णय कुटुंब घेतं, प्रत्येकाने स्वतःपुरतं ठरवण्याची रीत आपली नाही, असं म्हणतात. मला कुटुंबाचा निर्णय मान्य आहे, पण आई त्या कुटुंबातच येते ना? तिला आधी विचारावं, तुला किती ऐकायचंय. 'तुम्हीच बघा, मला आकडे नकोत' असं ती म्हणाली तर तो तिचा निर्णय, तो पाळावा. मात्र ताप आणि रक्तस्रावाच्या खुणा तेव्हाही सांगाव्याच लागतात. 'श्वास' (2004) सिनेमात डोळे जाणार हे लहान मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. मराठी प्रेक्षकांना तो पटला. लहान मुलाबाबत जे पटतं, ते संसार उभा केलेल्या बाईबाबत का पटू नये?

आणि एक प्रश्न असा आहे की तो फक्त तिलाच विचारता येतो. संसर्ग रक्तात पसरला की रक्तदाब पडतो, भान हरपतं, आणि व्हेंटिलेटर लावायचा का हे विचारलं जातं तेव्हा रुग्ण उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो. हे बोलणं केमोच्या पहिल्या सायकलनंतर, काउंट वर आलेले असताना, जेवण जात असताना करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पण आपल्याला काय झालंय हेच जिला माहीत नाही, ती त्यात काय लिहिणार? आईला माहीत होतं. त्यामुळे ती वेळ आली तेव्हा तिला काय हवं असेल, यावर आम्हा भावंडांना वाद घालावा लागला नाही.