उचल

दसरा झाला की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कित्येक तांड्यांवर म्हातारी माणसंच उरलेली असतील. मी इथल्या कोर्टात कामगारांचे खटले चालवतो. या दिवसांत माझ्याकडे पक्षकार कमी आणि कायद्याचे विद्यार्थी जास्त असतात.

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. त्यात एकदा तरी वकिलाच्या हाताखाली. मागे एक मुलगी आली, ती त्याआधी जिनिव्हातल्या एका मानवी हक्क संस्थेत तीन महिने राबून आली होती. बिनपगारी! संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातही इंटर्नला पगार नसतो. २०१५ साली न्यूझीलंडचा एक इंटर्न जिनिव्हात तंबू ठोकून राहिला, तेव्हा त्याची चर्चा झाली. हिच्या वडिलांनी मोसंबीच्या बागेवर बँकेचं कर्ज काढलं होतं.

सक्तीच्या श्रमांविरुद्धचा १९३०चा आंतरराष्ट्रीय करार तिला पाठ होता, भारतानं त्याला १९५४मध्ये मान्यता दिली हेही. तो करार तिला इथे, घराजवळ शोधायचा होता. तिला घेऊन मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावर गेलो. तिनं तिथल्या एका ऊसतोड मजुराला छापील प्रश्न विचारला, "तुम्हाला सक्तीनं कामाला नेतात का?"

"न्हाई ताई. सक्ती कशाची? उचल घेतलीय."

तिनं "नाही" लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी तिला थांबवलं आणि त्यांना विचारलं, "या हंगामात दुसऱ्या मुकादमाकडे जाता येईल का?"

ते हसले. "उचल फिटल्याबिगर कोण सोडतंय, वकीलसाहेब?"

मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, हंगामाआधी रक्कम देतो. ती उचल. ती घेणं गुन्हा नाही, देणंही नाही. पण त्या कर्जापोटी दुसरीकडे काम करण्याची किंवा मोकळेपणानं कुठेही जाण्याची मुभा गेली, तर १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. त्याला साखळदंड लागत नाहीत. उलट, कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ सावकारावर टाकतं. कायदा राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असल्यानं अर्ज जालन्यातच द्यायचा असतो.

आपला जिल्हा मजूर पाठवतो, तसा आणतोही. इथल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले मजूर लॉकडाऊनमध्ये रुळांवरून गावाकडे चालत निघाले. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. राज्याची हद्द ओलांडून ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराला फोटोचं पासबुक आणि प्रवासखर्च देण्याची तरतूद १९७९च्या कायद्यात होती. मंठ्याहून कर्नाटकात जाणारा कोयता त्या कायद्यात बसत होता. कोल्हापूरला जाणारा बसत नव्हता. उचल तीच, मुकादम तोच. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते नकाशा नव्यानं बघतात.

परतताना ती म्हणाली, "सर, आमच्या बाबांचं कर्ज म्हणजे उचलच की."

"बँक हप्ता मागते," मी म्हणालो. "तू कुणाकडे काम करायचं, हे ती ठरवत नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं फॉर्म काढला, "नाही" खोडलं आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच बोलीत लिहिलं. कच्चा अर्ज तिनंच केला. "फिटल्याबिगर"चं प्रमाण मराठीत "फिटल्याशिवाय" करू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.