सुमती



माझं माहेरचं नाव सुमती. ‘सु’ म्हणजे चांगली, ‘मती’ म्हणजे बुद्धी. कर्जतच्या शाळेत आमच्या वर्गात तीन सुमती होत्या. त्यांतली जैन मी एकटीच. नाव सगळ्यांचंच, पण आपल्याला ते पाचव्या तीर्थंकरांचं, सुमतीनाथ भगवानांचं.

ते गर्भात असतानाची गोष्ट तुम्ही व्याख्यानात ऐकली असेल. एका मुलावर दोन बायका हक्क सांगत राजाकडे आल्या. निवाडा होईना. शेवटी राणी सुमंगलामातेने कळवळ्यावरून खरी आई ओळखली. गर्भ राहिल्यापासून राणीला अशी सुबुद्धी सुचली, म्हणून बाळाचं नाव सुमती. म्हणजे या नावातली बुद्धी आधी एका आईची आहे.

माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं. उखाणा, पेढे, टाळ्या, झालं! बी.कॉम.चं सर्टिफिकेट मात्र सुमतीच्या नावावर राहिलं आणि रेशनकार्ड दुसरीच्या. कुठेही अर्ज करायचा तर आधी प्रतिज्ञापत्र करायचं, की या दोघी एकच.

गंमत म्हणजे काहींना सुमती हे नाव असंच सासरी मिळालं. सिंदिया जहाज कंपनीचा कारभार पाहणाऱ्या सुमती मोरारजी माहेरच्या जमुना. एवढं मोठं काम केलेल्या बाईचं जन्माचं नाव किती जणींना ठाऊक आहे?

आता धाकट्या नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, खोपोलीला. परवा ती विचारत होती, “वहिनी, सुनेचं नाव काय ठेवू या? तुम्हीच सुचवा.”

म्हटलं, “तिच्या आईवडिलांनी ठेवलंय की.”

“अहो, पण ताट रिकामं कसं ठेवायचं?”

“रिकामं कशाला? तिचंच नाव लिही. पेढे तेवढेच गोड लागतील.”

ती गप्प झाली. तिचंही नाव बदललेलंच आहे. थोड्या वेळाने म्हणाली, “मुलीला विचारते.” मला तेवढं पुरे आहे. मुलीला हौस असेल तर बदलू दे, पण विचारायला तर हवं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला सुमती म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. पण रोज प्रतिक्रमणात लोगस्स म्हणताना पाचवं नाव येतं, तेव्हा मी ते जरा सावकाश उच्चारते. वंदन भगवंतांनाच असतं. नाव मात्र माझंही आहे.