गाठ, बर्फ आणि विमा कंपनी

विमा कंपनीच्या पत्रात एकच ओळ महत्त्वाची होती: हा उपचार प्रायोगिक आहे, त्यामुळे खर्च मंजूर नाही. फोन केला तर पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, तीच गाठ शस्त्रक्रिया करून काढलीत तर आम्ही देऊ. म्हणजे ऑपरेशन थिएटर, भूल, टाके, व्रण, रजा हे सगळं चालेल. जागेपणी अर्ध्या तासात उरकणारं काम तेवढं चालणार नाही!

गाठ उजव्या स्तनात होती, बोटाखालून सटकणारी. सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा तपासला. फायब्रोअडेनोमा. तरुण बायकांमध्ये सर्रास आढळते, कॅन्सर नव्हे. आम्ही न्यू जर्सीत, आई सांगलीत. तिचं एकच पालुपद, ‘काढून टाक एकदाची.’

मला काढायची नव्हती, गोठवायची होती. अमेरिकेच्या एफडीएने फायब्रोअडेनोमा गोठवायला 2001 सालीच परवानगी दिली आहे. बिलावर घालायला 19105 हा स्वतंत्र क्रमांक आहे, तोही 2007 पासून. जे उपचार खरोखर नवखे असतात त्यांना इथे तात्पुरता क्रमांक मिळतो, त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असतं. माझ्या क्रमांकात ‘टी’ नव्हता. हे सगळं अपिलात मुद्देसूद लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं. उत्तरात पहिल्या पत्रातलाच परिच्छेद आला, स्वल्पविरामासकट. कुणी वाचलं तरी होतं का? माझी फाइल बघणाऱ्याने स्तनाची सोनोग्राफी शेवटची कधी पाहिली होती, हेही विचारलं. त्यावर उत्तर नाही. शेवटी पैसे आम्हीच भरले, आणि नवरा महिनाभर त्या रकमेचा उल्लेख ‘तुझा बर्फ’ असा करत होता.

प्रत्यक्ष काम त्या पत्रव्यवहारापुढे काहीच नव्हतं. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. मग बारीकशी चीर, त्यातून सोनोग्राफीत बघत बघत गाठीच्या मधोमध सुई. सुईच्या टोकाशी द्रवरूप नायट्रोजनची थंडी. पडद्यावर एक पांढरी कमान उमटली आणि तिच्यामागे काळा अंधार. तो बर्फाचा गोळा. कातडी गोठू नये म्हणून डॉक्टर मधल्या जागेत सलाईन सोडत होत्या. गोठवणं, वितळू देणं, पुन्हा गोठवणं. दुखलं नाही, कारण थंडीच बधिर करते. इंग्लंडात जेम्स आर्नॉट नावाचे डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच स्तनातल्या गाठींवर बर्फ आणि मीठ लावून बघत होते. प्रायोगिक म्हणे!

चिरेवर चिकटपट्टी लावून घरी आले. आईला फोनवर सांगितलं, गाठ आतच आहे, पण मेलेली आहे, हळूहळू शरीर ती जिरवेल. त्याला काही महिने, कधी वर्षही लागतं. सुरुवातीला सूज येऊन ती उलट मोठी लागते. ‘मग केलंस काय?’ आईने विचारलं. प्रश्न रास्तच होता.

एक मात्र ठासून सांगते. बायोप्सीशिवाय कुणी गोठवून देतो म्हणाला तर त्या दारातून परत फिरा. गोठवलेल्या पेशी नंतर तपासायला मिळत नाहीत. आणि सोनोग्राफी एक सांगते, तुकडा दुसरंच सांगतो असं असेल, तर गाठ काढूनच घ्यावी.

आता थोडं अडचणीचं. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या होत्या, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल. अशा कित्येक गाठी वाढत नाहीत, काही आपोआप आक्रसतात. मलाच राहवेना, आंघोळीत, झोपताना हात तिथेच जायचा. तेव्हा कंपनीने ‘गरज नाही’ असं लिहिलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कदाचित मी अपीलही केलं नसतं. पण त्यांनी तसं लिहिलंच नाही. कापायला ते तयार होते, तेही विनातक्रार.