कोरडं कुंकू

पाण्याच्या पातळीखाली हवा असते, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. आमच्या टँकवरची कोच, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, शॅलोच्या काठावर उकिडवी बसून सांगत होती. फ्रीस्टाइलमध्ये डोकं पुढे सरकतं तेव्हा कपाळापुढे पाण्याची बारीकशी लाट उठते आणि तिच्या मागे, गालाला लागून, एक खळगा पडतो. श्वासासाठी तोंड वळवायचं ते त्या खळग्यात. उचलायचं नाही, वळवायचं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, ओठांचा कोपरा जेमतेम उघडा, आणि तिथे, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा खाली, हवा. थांबलात की खळगा नाही. डोकं वर काढलंत की खळगा नाही.

पाण्यात दम लागतो तो हवा पुरत नाही म्हणून, असं वाटतं. बहुतेकदा प्रकार उलटा असतो. चेहरा पाण्यात गेला की मोठं माणूस श्वास कोंडून धरतं. छातीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरतो तो त्यानं. मग तोंड बाहेर आल्यावर त्या निमिषात सोडायचंही आणि घ्यायचंही, म्हणजे दोन्ही अर्धंमुर्धं. म्हणून पाण्यात असतानाच नाकातून सावकाश बुडबुडे सोडत राहायचं. बाहेर आल्यावर काम एकच, घेण्याचं.

"काकू, कपाळ आत," ती म्हणते. "नजर तळाच्या फरशीवर."

आत्याला हे पटलं नसतं. आत्याचं कपाळ कधी पाण्यात गेलं नाही.

गावच्या मळ्यातली विहीर काळ्या दगडात बांधलेली, पायऱ्यांची. मोट जाऊन इंजिन आलं होतं, पण बैलांची धाव तेवढी शाबूत होती. मे महिन्यात पाणी खाली गेलं की कपारीतली पारव्यांची घरटी उघडी पडायची. सकाळ मुलांची. दुपारी जेवणं उरकून पुरुषमाणसं आडवी झाली की माहेरपणाला आलेली आत्या आम्हा पोरींना घेऊन निघायची. पाठीवर झाळून घेतलेला पत्र्याचा डबा, कंबरेला बैलाचा कासरा, त्याचं दुसरं टोक तिच्या मुठीत. ती खालच्या पायरीवर उभी, गुडघाभर पाण्यात. "मार हात, मार. खाली बघू नगंस, माज्याकडं बघ." आम्ही तिच्याकडे बघत हात मारायचो. खाली हिरवंकाळं पाणी किती खोल आहे ते बघितलं असतं तर हात चाललेच नसते. डब्याच्या जागी कुणाला पांगाऱ्याचा ओंडका मिळायचा, मग तोही सुटायचा. कासऱ्याला झोल पडला की पोर तरंगायला लागली, हे तिला बघायचीसुद्धा गरज नसे, मुठीला कळे.

आमचं झालं की ती उतरायची. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पदर कंबरेला आवळलेला. सूर मारणं तिला आवडत नसे. पायरीवरून सरळ पाण्यात जायची, दाराबाहेर पडल्यासारखी. हात एकाआड एक पाण्यावरून, पाय आत बेडकाच्या चालीचे, मान उंच. विहिरीला कडेकडेनं फेऱ्या घालायची आणि फेऱ्या घालताना बोलत असायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस आटली, सासऱ्यांनी दिवाळीला काय म्हटलं. आवाज दगडावर आपटून वर यायचा, त्यामुळे ती नेमकी कुठे आहे ते कळायचं नाही; बोलणं सगळ्या विहिरीतूनच यायचं. तिच्या सासरी मळ्यात याहून मोठी विहीर होती. तिथे सुनांनी पोहायचं नाही, अशी रीत. अकरा महिने ती पाणी फक्त शेंदत असे. बाहेर आली की साडी निथळायची, अंबाडा अर्धा भिजलेला असायचा आणि मेणावर लावलेलं कुंकू जसंच्या तसं, कोरडं. त्या कुंकवाकडे बघून घरच्यांना वाटावं की बाई पाण्यात गेलीच नाही, असा तिचा हेतू होता की काय, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आत्याच्या या पोहण्याशी मिळतंजुळतं पोहणं १८७३ साली लंडनमध्ये जॉन ट्रजन नावाच्या माणसानं शर्यतीत दाखवलं आणि लोक चकित झाले. हात पाण्यावरून, पाय ब्रेस्टस्ट्रोकच्या चालीचे, डोकं वर. दक्षिण अमेरिकेतल्या स्थानिक लोकांना बघून तो ते शिकला होता. खरं तर त्याआधी, १८४४ मध्येच, उत्तर अमेरिकेतले दोन ओजिब्वे तरुण लंडनच्या हॉलबर्नमधल्या तलावात हात असेच वरून फिरवत पोहून गेले होते. वर्तमानपत्राला त्यांचे हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे वाटले. वेग दिसला, पण पद्धत काही युरोपीय वाटली नाही, आणि इंग्रज मंडळी आपल्या ब्रेस्टस्ट्रोककडे परत वळली. समोर दिसलेला वेग नाकारून शिस्तीला चिकटून राहायचं, याला माणसं किती तयार असतात! पुढे ट्रजनच्या हातांना सरळ वरखाली चालणारे पाय जोडले गेले ते ऑस्ट्रेलियात, आणि त्या गोष्टीत सॉलोमन बेटांवरून सिडनीला आलेल्या ॲलिक विकम या मुलाचं नाव मानानं घेतलं जातं. आज ऑलिंपिकमध्ये जे फ्रीस्टाइल दिसतं त्यात अशा कितीतरी किनाऱ्यांचं पाणी आहे. मला ते फार आवडतं.

मोठेपणी पोहणं सुधारायचं म्हणजे हात जोरात मारायचे, असं बहुतेकांना वाटतं. मला वाटतं, हात सगळ्यात शेवटी शिकवावेत. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात ताकद लावण्यापेक्षा अडथळा कमी करणं स्वस्त पडतं. छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड म्हणून खाली जातात. शरीर तराजूच्या दांडीसारखं असतं: डोकं वर गेलं की कंबर उतरते, आणि मग आपण पोहत नाही, पाणी ढकलत चढ चढतो. कपाळ आत घेतलं की पाठीमागे काहीतरी हलकं होतं. ते हलकं होणं एकदा कळलं की घड्याळ बघावंसं वाटत नाही. शेजारच्या लेनमध्ये एक निवृत्त नर्सबाई येतात, सगळ्यांत संथ. त्यांच्या पायांचा आवाजच होत नाही. मी वेगवान पोरांपेक्षा त्यांच्याकडे जास्त बघते.

आणि मुठीचा सराव. दोन्ही मुठी मिटून एक लांबी पोहायची. पाणी हाताला लागतच नाही, निसटून जातं. नाइलाजानं कोपर वर राहू लागतं आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग पाण्याला टेकू देतो; इतकी वर्षं हा भाग नुसता बाहीत होता. परत येताना मुठी उघडायच्या. तळवा केवढा तरी रुंद झालेला असतो. बोटं तळाकडे, कोपर वर, आणि पाणी धरल्यासारखं घट्ट. हात मागे जात नाही, आपणच हातावरून पुढे जातो. त्या पहिल्या चार हातांसाठी मी रोज पहाटे उठायला तयार आहे.

परवा कोचला मी वाइसमुलरबद्दल सांगितलं. पुढे सिनेमात टार्झन झालेला जॉनी वाइसमुलर. १९२२ मध्ये १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस, ५८.६ सेकंद. आणि त्याचं डोकं पाण्याच्या चांगलं वर असे. मला आत्याची बाजू मांडायची होती. तिनं ते उडवून लावलं नाही. मोबाइल काढून तिथल्या तिथे जुनी फिल्म शोधली, ओल्या बोटानं मागेपुढे करत दोनतीनदा बघितली.

"त्याचे पाय बघा, काकू," ती म्हणाली. "छाती वर आहे, तरी पाय खाली जात नाहीयेत. एवढी किक असली की डोकं वर चालतं. तुमच्या आत्याची किक कशी होती?"

मी सांगितलं, पाण्यात वरून पाय नीट दिसायचे नाहीत, पाणी हिरवं होतं. पण साडी नेसून ती तासभर दमत नसे.

"मग जोरदार असणार," ती म्हणाली, आणि काठावरचा किकबोर्ड माझ्याकडे सरकवला. "मांडीपासून मारा, गुडघ्यातून नको. डीपपर्यंत जाऊन या."