क्योटोसाठी बॅग भरताना

नोव्हेंबरातलं क्योटो. दुपारी १७-१८ अंश, पहाटे ८-९. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे ऊन कललं की गारवा भराभर उतरतो. थंडी म्हटलं की मुंबईकराला माळ्यावरचा जाडजूड स्वेटर आठवतो. पण तिथे दुपारी तो हातातच वागवावा लागेल. त्यापेक्षा कांद्यासारखे पापुद्रे बरे: सुती टी-शर्ट, वर पातळ लोकरी कार्डिगन, त्यावर वारा अडवणारं हलकं जाकीट. शिवाय एक शाल. विमानात पांघरायला, संध्याकाळी गळ्याभोवती गुंडाळायला.

खरा विचार पायांचा करायचा. दिवसभर चालणं, त्यात निजो किल्ल्याच्या महालात आणि कितीतरी देवळांत बूट बाहेर काढायचे. लाकडी जमीन गार असते. म्हणजे लेस नसलेले बूट, जाड मोजे आणि त्यातून अंगठा डोकावणार नाही याची खात्री.

बाकी बॅग भरते ती हवामानाने नाही, ‘असू दे, लागलं तर’ या धास्तीने. गार हवेत घाम कमी, कपडे दोनदा सहज घालता येतात. नाणी टाकून चालणारी वॉशिंग मशीनंही तिथे बऱ्याच हॉटेलांत असतात. तेव्हा तिसरी जीन्स परत कपाटात, आणि लग्नात घालायचा तो रेशमी कुर्तासुद्धा.